आजार कुणाच्या घरचा

१९६१ साली, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बाबूराव पिसाळ आपल्या बायकोला बेटम्याहून बसनं इंदूरला घेऊन आला आणि सासऱ्याच्या दारात सोडून गेला. तिची ट्रंक त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही. सासरे लक्ष्मणराव भोईटे बाहेर आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, की रोगट मुलगी आमच्या गळ्यात बांधून तुम्ही आम्हाला फसवलंत, आता पुढचं कोर्टात बोलू. मंगला तेव्हा चोवीस वर्षांची होती. टांग्यापासून दारापर्यंतची पंधरा-वीस पावलं चालून तिला धाप लागली होती. भिंतीला टेकून ती नुसती बघत राहिली. नवऱ्याला उत्तर द्यायचं होतं, पण बोलण्याइतका श्वास छातीत नव्हता.

"ते उत्तर द्यायला मला सव्वा वर्ष लागलं," मंगलाबाई मला सांगायच्या. १९७५ च्या सुमारास मी इंदूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा त्या तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ होत्या. मायक्रोस्कोपला डोळा कसा लावायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ही हकिगत त्यांनी तुकड्यातुकड्यांनी, रिकाम्या वेळात सांगितलेली. सांगताना आवाज कधी कापरा झाला नाही. उलट काही ठिकाणी त्यांना मजा येत असे, आणि ती लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

भोईट्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. लक्ष्मणरावांनीही तरुणपणी फौजेची वर्दी घातली, पुढे फौज विलीन झाली आणि ते पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फाटकावर जमादार म्हणून लागले. मंगला त्यांची थोरली. मॅट्रिक झाल्यावर तिला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. त्यासाठी सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली होती, दाखलाही आला होता. तेवढ्यात पिसाळांचं स्थळ आलं. बेटम्याला जमीन, विहीर, बाग, घराण्याचं नाव. ट्रेनिंग राहिलं आणि १९५७ च्या वैशाखात लग्न झालं. दाखला मात्र आईनं पत्रिकेच्या घडीत नीट ठेवून दिला होता.

पिसाळांच्या घरात सासू जनाबाईंचं राज्य होतं. बोलणं कमी, नजर सगळीकडे. घरामागे विहिरीच्या पाण्यावर केळी-पपईची दाट बाग होती. घरात संडास नव्हता; बायकांनी पहाटे त्या बागेतच जायचं, आणि मग दिवसभर तिथेच खुरपायचं, आळी करायची, पाणी फिरवायचं. जमीन सदा ओली, सावलीची. पुरुषांच्या पायांत जोडे असत. सुनांनी मात्र चपला घालून सासऱ्यासमोरून जायचं नाही, म्हणजे बागेतही अनवाणीच; लेकींचंही तेच. पावसाळ्यात बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटे, बारीक फोड येत. त्याला सगळ्या जणी चिखल्या म्हणत, तेल-हळद लावत आणि कामाला लागत. जेवायला बायका शेवटी बसत. तेव्हा भाकरी असे, चटणी असे, भाजी असलीच तर पातेल्याच्या बुडाशी.

दुसऱ्या वर्षी मंगलाला जिना चढवेना. तिसऱ्या वर्षी केस गळायला लागले, नखं चमच्यासारखी खोलगट झाली, बोलता बोलता डोळ्यांपुढे अंधारी यायची. पोटातलं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं. गावातल्या डॉक्टरनं लोहाचं टॉनिक दिलं. बाटली संपेपर्यंत बरं वाटे, मग पुन्हा तेच. तिला मातीचा वास अनावर व्हायला लागला. ओल्या भिंतीचा पोपडा काढून ती तोंडात टाकायची, चुलीच्या कडेची भाजकी माती खायची. एकदा जनाबाईंनी तिला तोंडात माती असताना पकडलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शेजारच्या चार बायकांना बोलावलं आणि सुनेला त्यांच्यापुढे तोंड उघडायला लावलं.

मंगलाबाई म्हणायच्या, मूल गेलं तेव्हा मी रडले, पण सूड घ्यायचा हे ठरलं ते तोंड उघडलं त्या वेळी.

माहेरी आल्यावर महिनाभरात कोर्टाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, की मुलीला लग्नाआधीपासून रक्ताचा असाध्य रोग आहे, तिला माती खाण्याचं व्यसन आहे, हे लपवून लग्न लावलं, म्हणून ते रद्द करावं. लक्ष्मणरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि फाटकावरची काठी घेऊन बेटम्याची बस पकडायला निघाले. मंगलानं त्यांना अडवलं. मारलंत तर त्यांचंच खरं होईल, म्हणाली. "बाबा, मला आधी एवढंच कळू द्या, मला झालंय काय. मग त्यांचं काय करायचं ते मी बघते."

त्या वेळी आमच्या त्याच दवाखान्यात डॉक्टर शशिकला म्हणून होत्या, बारीक चणीच्या, कडक. त्यांनी मंगलाच्या बोटाला टोचलं, थेंबभर रक्त नळीत घेतलं आणि त्याचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी ताडून पाहिला. हिमोग्लोबिन पाच ग्रॅम. बारा असायला हवं होतं. मंगलानं टॉनिकच्या बाटल्यांची नावं सांगायला सुरुवात केली तसं त्यांनी तिला थांबवलं.

"टॉनिक तू घेतलंस, ते मला दिसतंय. ते गेलं कुठे, ते मला पाहिजे," त्या म्हणाल्या. "रक्त कमी आहे हे काही उत्तर नाही. शरीरात लोह कमी का पडलं, ते शोधायला लागतं. एक तर खाण्यातून मिळत नाही, किंवा खाल्लेलं अंगी लागत नाही, किंवा कुठून तरी रक्त जातंय. तिन्ही बघू."

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. पाळी किती दिवस चालते, पोटात जळजळ होते का, मूळव्याध आहे का, थंडी वाजून ताप येतो का, जेवणात काय असतं, पायांना खाज येते का. शेवटचा प्रश्न ऐकून मंगला चमकली. मातीचं तिनं आपण होऊन सांगितलं, मान खाली घालून. डॉक्टर म्हणाल्या, की मातीनं रक्त कमी झालेलं नाही, रक्त कमी झालं म्हणून माती खावीशी वाटते. पुष्कळ बायकांचं असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे वाक्य तिला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं मंगलाबाई पुष्कळदा म्हणायच्या आणि वाक्य तिथेच सोडायच्या.

दुसऱ्या दिवशी शौचाचा नमुना तपासला. डॉक्टरांनी तिला स्वतः मायक्रोस्कोपशी बसवलं. पातळ कवचाची लांबट, पारदर्शक अंडी, आत चार-चार गोळे. हुकवर्मची. हा किडा आतड्याला आकड्यासारखा चिकटून राहतो आणि रोज थोडं थोडं रक्त पितो, असं त्यांनी समजावलं. एक-दोन किड्यांनी काही होत नाही, शेकड्यांनी असले की वरून कितीही लोह ओता, खालून जातच राहतं.

मंगलानं बरं कशानं होईल ते विचारलं नाही. तिनं विचारलं, "हे अंगात येतं कुठून?"

"ओल्या, सावलीच्या मातीतून. जिथे माणसं उघड्यावर बसतात आणि तिथेच अनवाणी फिरतात. अळी पायाच्या कातडीतून आत शिरते. तुझ्या त्या चिखल्या चिखलानं झाल्या नव्हत्या."

मंगलाबाई सांगायच्या, की ते ऐकल्यावर बागेतलं एकेक झाड डोळ्यांपुढे आलं. केळीची आळी, विहिरीची कड, जनाबाईंचा तो कायदा. डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल गिळून, जुलाबाचं औषध घेऊन, लोहाच्या गोळ्या चालू करून ती घरी आली तेव्हा धाप तशीच होती, पण चालणं बदललं होतं. रोगाला नाव मिळालं होतं, पत्ताही मिळाला होता.

वकील होते दत्तोपंत, लक्ष्मणरावांच्या ओळखीचे. त्यांनी दाखला पाहिला: १९५६, रक्त साडेबारा ग्रॅम, प्रकृती उत्तम. हे फार कामाचं आहे, म्हणाले. पण समोरचा वकील म्हणेल, की किडे मुलीनं नंतर माहेरी आल्यावर आणले, आमचं घर स्वच्छ आहे. पिसाळांच्या घरात हा आजार आहे याचा पुरावा पाहिजे, आणि तो ते कशाला देतील.

मंगलाला रमा आठवली.

रमा तिची नणंद, सतरा वर्षांची. त्या घरात मंगलाशी माणसासारखं वागणारी एकटीच. सासू झोपली की वहिनीच्या वाटच्या घागरी ती भरायची. तीही फिकी पडत चालली होती, पण तिला गोरी म्हणून सगळे कौतुक करायचे. धारचं एक स्थळ तिला पक्कं झालं होतं, लग्न पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर धरलं होतं. वैशाखात ती बांगड्या घ्यायच्या निमित्तानं मावशीकडे इंदूरला आली तेव्हा मंगलानं तिला निरोप पाठवून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या समाध्यांजवळ, बोलावलं.

रमा धापा टाकतच आली. नदीकाठच्या पायरीवर बसून दोघी बोलल्या. मंगलानं तिला खरं तेच सांगितलं, की तुलाही तेच झालंय, डॉक्टर बरं करतील, लग्नाआधी बरी हो. पण सगळं खरं सांगितलं नाही. रमा घाबरली होती. घरी कळलं तर लग्न मोडेल, म्हणाली.

"तुझं नाव कुठे येणार नाही," मंगलानं शब्द दिला. "तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

तपासणी झाली. रक्त सहा ग्रॅम, नमुन्यात तीच अंडी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि रिपोर्ट रमाच्या हातात ठेवला. तो बेटम्याला नेणं शक्य नव्हतं म्हणून रमानं तो वहिनीकडे ठेवायला दिला. मंगलानं तो ब्लाउजमध्ये ठेवला. दत्तोपंतांना त्याबद्दल सांगितलं नाही. वापरायचा नाही असंच ठरवलं होतं, असं त्या म्हणायच्या, आणि लगेच पुढे म्हणायच्या, "मग फाडून का टाकला नाही, ते मला विचारू नकोस."

पुढचा सबंध पावसाळा आणि हिवाळा तारखांत गेला. मंगलाचं रक्त नऊवर आलं, मग अकरावर. ती कोर्टाचे दोन जिने न थांबता चढायला लागली आणि मुद्दाम बाबूरावच्या समोरून चढायची. डॉक्टर शशिकला साक्षीला आल्या, रोग बरा होणारा आहे आणि पायांतून येतो हे त्यांनी सांगितलं. पण त्या घरातून आला, असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. मी बाग पाहिलेली नाही, एवढंच बोलल्या.

१९६२ च्या जुलैत जनाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, ताठ मान. दत्तोपंतांनी बागेबद्दल विचारलं, चपलांबद्दल विचारलं. त्यांनी सगळं थंडपणे टोलवलं. मग त्या न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, माझ्या घरात कोणालाच ही बीमारी नाही. माझी पोरगी बघा, सूनही तिथेच राहत होती. पोरगी बिलकुल ठीक आहे. ही माती खाणारी होती, हिचं रक्तच खराब."

मंगला उठली. ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला आणि दत्तोपंतांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवला. नाव, वय, गाव, रक्त सहा ग्रॅम, हुकवर्म.

जनाबाईंची मान खाली गेली. मंगलाबाई म्हणायच्या, की ती मान खाली जाताना मी डोळे भरून पाहिली, घाई केली नाही. बाबूराव मधल्या बाकावर बसला होता, तो उठून बाहेर गेला.

दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी नांदायला जाणार का म्हणून विचारलं तेव्हा मंगलानं नाही म्हणून सांगितलं. कायदा नवा होता. पहिली बायको असताना दुसरी करणं आता गुन्हा होता. काडीमोड घ्यायचा तर बाबूरावला पुन्हा कोर्टात यावं लागलं असतं, आणि पुन्हा त्या पायऱ्या चढायची पिसाळांची छाती नव्हती. मध्यस्थ येऊन गेले, आपसांत मिटवू म्हणाले. मंगलानं त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. बाबूराव पुढे दहा वर्षं ना लग्नाचा ना बिनलग्नाचा, असा फिरला. त्याबद्दल मंगलाबाईंना शेवटपर्यंत वाईट वाटलं नाही.

धारच्या लोकांना आठ दिवसांत बातमी लागली. रमाचं लग्न मोडलं.

डॉक्टर शशिकलांनी मंगलाला बोलावून घेतलं. त्या रागावून ओरडतील अशी तिची अपेक्षा होती, पण त्या हळू आवाजात बोलल्या. "तो रिपोर्ट रमाचा होता. तुझा नव्हता, माझा नव्हता, कोर्टाचा नव्हता." पुढे वर्षभर त्या मंगलाशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मंगला मात्र आपण होऊन, बिनपगारी, रोज दवाखान्यात जात राहिली, शिशा धुतल्या, नंबर लिहिले, काचपट्ट्या पुसल्या. शेवटी त्यांनी तिला लॅबच्या ट्रेनिंगला घेतलं, एका अटीवर: एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात कधीही जाणार नाही. मला पहिल्या दिवशी मंगलाबाईंनी हीच अट सांगितली होती. कारण नंतर कळलं.

१९६४ मध्ये डॉक्टरांनी बेटम्याच्या शाळेत तपासणीचं शिबिर ठेवलं. मंगला त्यांच्याबरोबर गेली. पायांत नव्या चपला होत्या. त्या तिनं खास त्या दिवसासाठी घेतल्या होत्या आणि गावातून जाताना वाजवत चालली. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून ती बसली. बायका रांगेनं येत, शौचाच्या नमुन्याची डबी ठेवत, नाव सांगत, बोट पुढे करत.

दुपारी रांगेत जनाबाई उभ्या होत्या. गेल्या दोन वर्षांत त्या निम्म्या झाल्या होत्या. ओठ पांढरे, पायांवर सूज. शेजारी रमा होती, आईला धरून. जनाबाईंनी टेबलामागे कोण बसलंय ते पाहिलं, पण मागे फिरायला अंगात ताकद नव्हती. सगळं गाव बघत होतं. पदराखालून त्यांनी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"नाव काय?" मंगलानं विचारलं.

"जनाबाई."

"पूर्ण नाव लागतं. नवऱ्याचं नाव सांगा."

तिला ते नाव ठाऊक होतं. जनाबाईंनी जन्मात ते उच्चारलं नव्हतं आणि चारचौघींत उच्चारणार नव्हत्या, हेही तिला ठाऊक होतं. ती पेन धरून थांबली. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. जनाबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मंगलानं पुन्हा विचारलं, तसंच शांतपणे. मला तिसऱ्यांदाही विचारायचं होतं, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं.

तेवढ्यात रमा पुढे झाली.

"अप्पासाहेब पिसाळ," ती म्हणाली. "लिहा. आणि खाली माझंही लिहा. रमा अप्पासाहेब पिसाळ, बेटमा. ह्या वेळी मी स्वतः सांगतेय."

मंगलानं लिहिलं. जनाबाईंचं बोट धरून टोचलं. बोट थंड होतं आणि तळव्याची कातडी बागेतल्या कामानं सुंभासारखी झाली होती. थेंब पाण्यासारखा आला. नळीतला रंग इतका फिका होता की तिला वाटलं आपली चूक झाली, म्हणून तिनं पुन्हा थेंब घेतला. दोन्ही वेळा चारच्या खाली. ही बाई तीस वर्षं त्याच बागेत अनवाणी फिरली होती, तिच्या स्वतःच्या सासूच्या कायद्यानं. मंगलाला आळशी, कामचोर म्हणत स्वतः तेवढंच ओझं ओढत होती, आणि तिला कधी कुणी विचारलंही नव्हतं.

मी मंगलाबाईंना विचारलं, तेव्हा दया आली का.

"दया नाही आली गं. खोटं कशाला बोलू? पण आकडा बरोबर लिहिला, औषध बरोबर दिलं, आणि चपला घातल्याशिवाय बागेत पाय टाकायचा नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तिच्याच गावात, तिच्याच तोंडावर. तेवढं मला पुरलं."

जनाबाईंना त्याच दिवशी इंदूरला आणून दाखल केलं. त्या जगल्या, पुढे बरीच वर्षं. पिसाळांनी वर्षभरात घरामागे संडास बांधला. रमाचं रक्त साडेअकरापर्यंत आलं. पुढे तिनं उज्जैनच्या एका शिक्षकाशी लग्न केलं, जरा उशिरा. मंगलाबाईंनी लग्नात साडी पाठवली होती. ती परत आली, घडी न मोडता. वर चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

"जनाबाईला मान खाली घालायला लावली, ते मी आजही पुन्हा करीन," मंगलाबाई म्हणाल्या. "रमाचं नाव वाचलं गेलं, ते नाही."

मग त्यांनी पुढची काचपट्टी माझ्याकडे सरकवली आणि नंबर तपासून घ्यायला सांगितलं.